लहान चाकाची धाव

उत्तमराव माळी पौषातल्या तापाने गेला. चैत्र उजाडला तरी त्याची बायको हौसाबाई रडली नव्हती, आणि वाशीमच्या आमच्या माळीपुऱ्याला ही गोष्ट काही केल्या पचत नव्हती. कोणी मेलं की घरची बाई किती रडली, काय काय म्हणून रडली, हे आमच्या बाया बाजारातलं वांगं दाबून पाहावं तसं पाहतात. हौसाबाईत दाबून पाहण्यासारखं काही निघालंच नाही. नवऱ्याला उचललं तेव्हा ती दारच्या खांबाला टेकून उभी होती. तेरवीला लोक जेवून गेले तेव्हा ती पत्रावळी गोळा करत होती. "दगड आहे बापा," असं कमलीबाई म्हणाली. कमलीबाई शेजारची, दुसऱ्याच्या दुःखाचं माप काढल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

खरं म्हणजे आपल्याला काय झालंय हे हौसाबाईलाही कळत नव्हतं. भाकरी कोरडी की तेल लावलेली, ऊन की सावली, कोणी बोललं ते बरं की वाईट, तिला सगळं सारखंच. बसून बसून पाय झोपतो, मग तो आपला असून आपला वाटत नाही. तिचं सगळं अंगच तसं झालं होतं. कोणी काही म्हटलं की ती "बरं" म्हणे. तेवढा एकच शब्द तिच्याकडे शिल्लक होता.

घरात आणखी दोन माणसं होती. उत्तमरावचा थोरला भाऊ जानराव, म्हणजे हौसाबाईचा भासरा, आणि त्याची बायको सोजरबाई. या दोघी जावांचा दोन वर्षांपासून अबोला होता, आणि त्याचं कारण होतं एक लुगडं.

हौसाबाईच्या आईने मरायच्या आधी लेकीला घेतलेलं ते लुगडं. अंजिरी रंगाचं, पिवळ्या काठाचं. रात्री कुंपणावर वाळत राहिलं आणि सकाळी पाहिलं तर नाही. हौसाबाईने सगळा माळीपुरा पालथा घातला आणि मग अंगणात उभी राहून, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाहीरचा चोर मळ्यात आला तं वांगे नेते, लुगडं नाही नेत. चोर घरातलाच आहे." घरात दुसरी बाई एकच. सोजरबाई चुलीपुढे बसली होती. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, भाकर उलथली. जो नाही म्हणत नाही तो चोर, हा आमच्या पुऱ्याचा जुना न्याय. सोजरबाई लुगडंचोर ठरली ती ठरलीच. लग्नाकार्यात बाया तिच्यासमोर आपापली गाठोडी मांडीखाली ओढून घेत. ती बघे आणि पुढच्या पंगतीला वाढायला जाई.

अबोला असला तरी एक चूल आणि एक विहीर, काहीतरी सांगावंच लागतं. मग दोघी ढवळी गाईशी बोलत. "ढवळे, मीठ सरलं म्हना." "ढवळे, मडक्याच्या मांगं पाह्य म्हना, डोये असतीन तं." ढवळी बिचारी दोघींकडे आळीपाळीने कान फिरवी. उत्तमरावला याचं फार हसू येई. मात्र हसता हसता तो एकदम उठून मोटेवर निघून जाई.

आता गाडीचं. वाशीमच्या एका कापसाच्या जिनात गठाणी वाहायची ढकलगाडी मोडून पडली होती. तिची दोन लाकडी चाकं उत्तमरावने मागून आणली. गुडघ्याएवढी लहान चाकं, पण त्यांवर मोठ्या चाकासारखीच लोखंडी पट्टी चढवलेली, तिला धाव म्हणतात. त्यांवर त्याने फळ्या ठोकल्या, दांडे लावले आणि हाताने ओढायची गाडी केली. लोक हसले. बैलाशिवाय गाडी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं म्हणाले. पण डोक्यावर एक टोपली जाते आणि या गाडीवर मळ्यातली सगळी तोड जाई. उत्तमराव गेला, तेरवी झाली, आणि पुढच्या बाजारी हौसाबाईने गाडीचे दांडे धरले. तिला कोणी सांगितलं नव्हतं. वांगी तोडून झाली होती, गाडी दारात उभी होती, ती निघाली.

जानराव वाईट माणूस नव्हता. नवरा गेला, पोटी मूल नाही, अशा बाईने भावाच्या आसऱ्याला जावं, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं आणि त्याने ते तपासून पाहिलं नव्हतं, इतकंच. त्याने अनसिंगला हौसाबाईच्या भावाला, शालिकरामला, निरोप धाडला. मग दाराआडून भावजयीला सांगितलं, "राहाचं असन तं राह्य. उत्तमचा वाटा तुया आहे, मी नाही म्हनत नाही. पन बजार तुलेच करा लागन. मोट अन् बजार, दोनी माया अंगानं होत नाही. माल सडाले लागला तं मंग भावाघरी जाय."

"बरं," हौसाबाई आतून म्हणाली.

आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यातच गाडीची धाव तुटली. बाजारातून रिकामी गाडी घेऊन येताना, ओढ्याच्या उतारावर, डाव्या चाकाची पट्टी सांध्यात उलगडली आणि टणकन बाजूला पडली. तिच्याबरोबर मातीने, वंगणाने बरबटलेल्या काही चिंध्याही पडल्या. त्या हौसाबाईने पायाने बाजूला सारल्या. पट्टी खांद्यावर अडकवली आणि गाडी उजव्या चाकावर कलती करून घरापर्यंत आणली.

पुढचा बाजार एका दिवसावर आला तेव्हा ती पट्टी घेऊन देवला लोहाराकडे गेली. देवलाने पट्टी भात्यापुढे धरली, नखाने खरवडली. "हे तं कागदावानी झाली. सांधा धरत नाही आता. नवी करा लागते. चाक कुठी आहे?"

"घरी."

"चाक आनाचं ना. माप त्याचं घ्या लागते."

"माप हे आहे ना," हौसाबाईने पट्टी पुढे केली. "हिच्याएवढीच कर."

देवलाच्या दारात वखराच्या पासांना धार लावून घ्यायला आलेल्या कुणब्यांची रांग लागली होती. त्याने एकच विचारलं, "जुनी ढिली तं नव्हती?"

"दोन वर्सं हालली नाही."

हे खरंच होतं. देवलाने जुनी पट्टी वाकवून पुन्हा गोल केली, तिचं माप दोरीने घेतलं आणि त्या मापाची नवी केली. बदल्यात हौसाबाईने आपली चांदीची जोडवी दिली. विधवेला जोडवी घालायची नसतात, तेव्हा ती तशीही फडक्यात पडून होती. देताना आपल्याला काही वाटेल अशी तिने जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. धाव घरीच चढवतो म्हणून तिने देवलाच्या दोन लांब सांडशा मागून घेतल्या, कारण ही चाकं उत्तमरावनेही घरीच नीट केली होती.

ती घरी आली तर अंगणात शालिकरामची बैलगाडी सुटलेली. भाऊ बाजेवर बसून जानरावसोबत सुपारी कातरत होता.

"हौसा, सामान बांध. ऊन कललं का निघू," शालिकराम म्हणाला.

ओसरीत वांग्यांच्या डाली भरून ठेवल्या होत्या. उद्या बाजार. आज चाक उभं राहिलं तर हौसाबाई उद्या बाजारात. नाही राहिलं तर संध्याकाळी अनसिंगच्या रस्त्यावर. हे तिघांनाही कळत होतं. शालिकरामने तरी रीत म्हणून विचारलं, "का राहाचं आहे तुले?"

आता इथे एखादीने पदर डोळ्याला लावला असता, एखादीने घराचा उंबरठा धरला असता. हौसाबाईने मनात डोकावून पाहिलं, तिथे ना राहायचं होतं ना जायचं. "चाक झालं का सांगतो," ती म्हणाली, आणि गोवऱ्या आणायला गेली.

धाव चढवायची रीत अशी. चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, मधला तुंबा बसेल एवढा खड्डा करून. शेजारी गोवऱ्यांचं कडं रचून त्यात धाव तापवायची. लोखंड तापलं की फुगतं. मग ते लालभडक कडं दोन बाजूंनी उचलून चाकावर बसवायचं, ठोकायचं, आणि वरून भराभर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला करकचून धरतं. पण उचलायला दोन माणसं लागतात. एकट्याने ते होतच नाही, कितीही हट्टी असा.

हौसाबाईने एकटीने करून पाहिलं. एका बाजूने सांडशी लावली की दुसरी बाजू विस्तवात रुते. बाजेवरचे दोघे बघत होते. ते उठले नाहीत. त्यांचं ठरलं होतं. ठरलेलं मोडायला आपणहून कोण हात लावतो? जानराव शेवटी तोंड फिरवून ओढ्याकडे पाहू लागला.

तेवढ्यात सोजरबाई आतून आली. पदर खोचला, दुसरी सांडशी उचलली आणि पलीकडे बसली. गोठ्याकडे तोंड करून म्हणाली, "ढवळे, मी तीन म्हनलं का उचल म्हना."

"ढवळे, माया डोयात धूर जाऊन राह्यला म्हना, जरा थांब," हौसाबाई म्हणाली.

"ढवळे, थांबून लोखंड थंडं होते म्हना. एक, दोन, तीन."

कडं उचललं. चाकावर ठेवलं. लाकडातून धूर निघाला, आणि दोघींनी घागरी रित्या केल्या. फस्सकन आवाज झाला, वाफ उठली, अंगणभर जळक्या लाकडाचा वास पसरला. आता लाकूड करकरायला हवं होतं. ते करकरलं नाही. हौसाबाईने हातोड्याने टोला दिला तर पट्टी रिकाम्या घंगाळासारखी वाजली. कडं चाकावर सैल बसलं होतं. लाकूड आणि लोखंडात चांगली नखभर फट.

हौसाबाईने त्या फटीत बोट घातलं. लोखंड वरून विझलं होतं, आत नव्हतं. कातडी चर्र झाली, सोजरबाईला वास आला, पण हौसाबाईने बोट काढलं नाही. ती फट किती आहे ते बघत होती.

सोजरबाईने तिचं मनगट धरून हात ओढला. बोट पांढरं फटक पडलं होतं. "दुखत नाही वो तुले?" ती म्हणाली. गाईला म्हणायची विसरलीच.

"नाही," हौसाबाई म्हणाली.

बाजेवरून शालिकरामने हाक दिली, "झालं ना आता? ऊठ. कपडे घे."

पण हौसाबाईचं डोकं त्या फटीत अडकलं होतं. तिला दुःख कळत नव्हतं, पण हिशेब चुकलेला कळत होता. जुनी एवढीच होती. जुनी दोन वर्षं हलली नाही. मग नवी का ढिली? ती उठून गाडीच्या दुसऱ्या, उजव्या चाकापाशी गेली. त्याची जुनी धाव अजून जागच्या जागी घट्ट होती. तिने खुरपं घेतलं आणि कडेची वाळलेली माती खरवडायला लागली.

"राहू दे ते," मागून सोजरबाई म्हणाली.

हौसाबाई खरवडत राहिली. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये कापड होतं. घडी घालून, दाबून, खुरप्याच्या टोकाने ठासून बसवलेलं. वंगणाने काळं झालेलं. तिने एक टोक नखांत धरून ओढलं. आतली बाजू बाहेर आली, जिथे वंगण पोचलं नव्हतं. अंजिरी. आणखी ओढलं, तर पिवळा काठ.

ती तशीच खाली बसली. ओढ्याच्या उतारावर पायाने सारलेल्या चिंध्या तिला आठवल्या. म्हणजे लाकूड केव्हाच झिजलं होतं, दोन्ही धावा केव्हाच ढिल्या झाल्या होत्या, आणि दोन वर्षं त्यांना तिच्या आईचं लुगडं धरून होतं. ही गाडी बांधणारा, तिचं वंगण, तिच्या खुंट्या पाहणारा माणूस घरात एकच होता.

"त्याईनं फाडलं," ती म्हणाली.

सोजरबाई तिच्याजवळ उकिडवी बसली. "अंधारात फाडलं वो. बजाराची घाई, धाव ढिली झालती. कुंपनावर कापड दिसलं, जुनं समजून टराटर फाडलं अन् ठासलं. उजाडल्यावर काठ दिसला. तोंड येवढुसं झालं त्याचं. मले म्हने, वैनी, तिले सांगू नका, मी मालेगावाहून अस्संच आनतो. अन् तू तं तवरिक अंगनात उभी राहून मले चोर करून मोकळी झालतीस. मंग तो काय सांगन? तुयी जीभ त्याले माईत नव्हती का?"

"आनलं नाही त्याईनं."

"पाह्यलं त्यानं. मालेगावले पाह्यलं, पोहरादेवीच्या जत्रेत पाह्यलं. अस्सा काठ भेटला नाही. भेटला का देतो अन् सांगतो, म्हने. दर बजारी म्हने."

हौसाबाईने काठ बोटांत धरला होता. भाजलेल्या बोटाचा फोड आता फुगायला लागला होता. "मंग तो गेल्यावर तरी सांगाचं होतं," ती म्हणाली. "तीन महिने झाले. लोकं तुमाले अजून चोर म्हनतेत."

"मेलेल्याच्या अंगावर कायले टाकू?" सोजरबाई म्हणाली. "त्याले काई परत येऊन नाही म्हनता येत नाही. मी तं जित्ती आहो. मले चालते."

हे ती अगदी भाकरी थापावी तसं बोलली. आपण काही मोठं केलं असं तिला वाटत नव्हतं, आणि मला विचाराल तर त्याचाच राग येतो. चांगल्या माणसांना आपल्या चांगुलपणाचा पत्ता नसतो, म्हणून आमच्यासारखे लोक त्यांना खुशाल चोर म्हणत फिरतात.

हौसाबाई उठली, आत गेली, पेटीतलं आपलं एक लुगडं घेऊन आली. निळं, बऱ्यापैकी नवं. दाताने कडेला चीर पाडायला लागली, तर सोजरबाईने ते हिसकून घेतलं.

"तुयं एक गेलं. आता मायं," असं म्हणून ती आत जाऊन आपलं लाल लुगडं घेऊन आली आणि हौसाबाईने नको म्हणायच्या आत तिने ते मधोमध फाडलं. आवाज बाजेपर्यंत गेला. जानराव उठून उभा राहिला. "अवं, ते मी दिवाळीले..." एवढंच म्हणाला, आणि बायकोचा चेहरा पाहून पुन्हा बसला.

दोघींनी पट्ट्या फाडल्या, ओल्या केल्या, घड्या घातल्या. एकीने धाव उचलून धरायची, दुसरीने खुरप्याच्या टोकाने फटीत ठासायचं. जिथे फट मोठी तिथे बाभळीची चीप. मग चाक हौदात टाकलं. लाकूड फुगलं, कापड फुगलं. ऊन कलल्यावर काढून टोला दिला तेव्हा धाव वाजली नाही. मुक्यासारखी घट्ट बसली. सगळं होईपर्यंत ढवळीशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

चाक आसात घालून खुंटी ठोकली. शालिकराम बैल जुंपून गाडीत बसला होता. "मंग?" त्याने विचारलं.

"मी नाही येत, दादा," हौसाबाई म्हणाली.

"अवं पन काहून? एकटी काय करशीन इथी?"

हौसाबाई सोजरबाईकडे पाहू लागली. सोजरबाई उरलेल्या लाल चिंध्या गोळा करत होती. दिवाळीच्या लुगड्याचा आता पदर तेवढा राहिला होता. हौसाबाईने आपला उजवा हात वर धरला, त्या बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दुखून राह्यलं."

"काय?" शालिकराम म्हणाला.

"बोट. बाई, मायं बोट दुखून राह्यलं वो." आणि ती गाडीच्या फळीवर डोकं टेकून रडायला लागली. आवाज काढून, हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. ते रडणं ओढ्यापलीकडे ऐकू गेलं. शालिकराम गाडीतून खाली उतरला आणि नुसताच उभा राहिला. जानराव मोटेकडे निघून गेला, अगदी त्याचा भाऊ जायचा तसा.

कमलीबाई धावत आली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी आल्या. पौषापासून ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं आणि कारण पाहावं तर बोटाला आलेला एक फोड. कमलीबाईने तो हात उलटासुलटा करून पाहिला. "बाई माय," ती म्हणाली, "येवढ्याशा बोटासाठी कोनी इतकं रडते का?"

सोजरबाईने त्या लुगड्याच्या पदराची एक चिंधी खोबरेल तेलात भिजवली होती. ती तिने जावेच्या बोटाला गुंडाळली, गाठ मारली, आणि कमलीबाईकडे वर न पाहता म्हणाली, "रडू दे तिले. लय भाजलं तिचं."